अमेरिकी हार्डवुडच्या दोन रेघा: चीन आणि व्हिएतनामचे आकडे शेजारी ठेवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतून चीनला आणि व्हिएतनामला जाणाऱ्या हार्डवुडच्या (ओक, मेपल अशा रुंदपानी झाडांच्या लाकडाच्या) चिराणाचे, म्हणजे चिरलेल्या फळ्यांचे, २००० पासूनचे आकडे काढले आणि डॉलरमध्ये आलेख मांडला. चीनची रेघ २०१७ पर्यंत चढत गेली आणि मग धाडकन खाली आली. व्हिएतनामची रेघ खालच्या अंगाला राहिली, पण सावकाश वर सरकत गेली. यावरून 'अमेरिका-चीनच्या आयातशुल्काच्या भांडणात चीनचा वाटा व्हिएतनामने उचलला' असं प्रकल्पात लिहिलं तर चालेल का? आणि घनमीटरमध्ये तुलना करायची तर काय सांभाळायचं?

निष्कर्ष तसा लिहू नका. चीनची खरेदी पडली हे खरं आणि फर्निचरची कामं व्हिएतनामला गेली हेही खरं. पण चीनने न घेतलेलं लाकूड व्हिएतनामने घेतलं, असं या आलेखातून निघत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या हार्डवुड चिराणाच्या एकूण निर्यातीतला निम्म्याहून जास्त माल एकट्या चीनला जात होता. पुढच्या दोन वर्षांत तिथली घट इतकी मोठी झाली की व्हिएतनामची वाढ तिच्या जवळपासही पोचली नाही. मग ते लाकूड गेलं कुठे, हा तुमच्या प्रकल्पाचा खरा प्रश्न आहे. तिथे पोचायचं तर आधी दोन्ही रेघा एका मापावर आणाव्या लागतील.

लाकूड आयातीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. माल मोजून घेणं, बिलं जुळवणं आणि नंतर त्याच मालाचे सरकारी आकडे वाचणं हे रोजचं काम. त्यामुळे कागदावरचा आकडा आणि कंटेनरमधला माल यांत फरक कुठे पडतो, ते जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात डॉलरपासून. डॉलरच्या रेघेत तीन गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात: माल किती गेला, कोणत्या जातीचा गेला आणि त्या वर्षी भाव काय होता. चीनची खरेदी मुख्यतः रेड ओक या जातीभोवती फिरते. व्हिएतनाममध्ये ट्युलिपवुडला मोठी मागणी आहे. रंग चढवायच्या फर्निचरला आणि आतल्या चौकटींना ते सोयीचं पडतं, शिवाय ते स्वस्त आणि हलकं असतं. व्हाइट ओक आणि अक्रोड यांचे भाव वेगळ्याच पातळीवर असतात. म्हणजे एका देशाने ट्युलिपवुड कमी करून व्हाइट ओक वाढवलं, तर घनमीटर घटूनही डॉलर वाढतात. २०२१ मध्ये तर अमेरिकेत हार्डवुडचे भाव झपाट्याने चढले. त्या वर्षीची डॉलरची उडी तुम्ही 'मागणी वाढली' म्हणून वाचलीत, तर पुढचं सगळं विवेचन चुकीच्या पायावर उभं राहील.

तेव्हा घनमीटर घ्या. पण तोही आकडा डोळे मिटून घेऊ नका. अमेरिकी गिरणीवाला घनमीटरमध्ये विचार करत नाही, तो बोर्ड फुटात बोलतो. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड तुकडा म्हणजे एक बोर्ड फूट. आपल्या वखारीतलं घनफूट धरलं तर १२ बोर्ड फुटांचं एक घनफूट होतं. ३५.३ घनफूट म्हणजे एक घनमीटर, आणि तिथून एका घनमीटरचे सुमारे ४२४ बोर्ड फूट येतात. हजार बोर्ड फुटांचे २.३६ घनमीटर. हे गणित सोपं आहे, आणि तरीही आकड्यांतल्या निम्म्या भानगडी इथेच होतात.

एक उदाहरण जवळून बघू. भट्टीत वाळवलेल्या रेड ओकचा चाळीस फुटी कंटेनर. त्यात साधारण बारा हजार बोर्ड फूट माल बसतो, म्हणजे २८ घनमीटरच्या आसपास. सुक्या रेड ओकचं वजन घनमीटरला सुमारे ७०० किलो, म्हणजे माल वीस टनांच्या घरात गेला. एवढ्यावर कंटेनर वजनानेच भरतो, आत जागा उरली तरी. आता निर्यातीचा अर्ज भरणाऱ्याने 'बारा हजार बोर्ड फूट' याचे 'बारा' उचलून घनमीटरच्या रकान्यात टाकले, तर त्या खेपेचा आकार निम्म्याहूनही कमी नोंदला जातो. रक्कम मात्र बरोबर असते, कारण ती बिलावरून येते. अशी नोंद पकडायची रीत एकच: प्रत्येक महिन्याला, प्रत्येक जातीसाठी, डॉलरला घनमीटरने भागा. आजूबाजूच्या महिन्यांत भाव एका पट्ट्यात असतो. एखादा महिना मध्येच दुपटीवर किंवा चतुर्थांशावर गेला, तर बाजार हलला असं मानण्याआधी नोंद तपासा. मी कुठलाही आलेख पाहण्याआधी हा भागाकार करतो, आणि तुम्हीही करा असं आग्रहाने सांगेन.

वजनाचा सापळा याहून वाईट. काही आंतरराष्ट्रीय संकलनांत घनमीटरऐवजी किलोचा रकाना हाताशी येतो. सुकं ट्युलिपवुड घनमीटरला साधारण साडेचारशे किलो भरतं. म्हणजे हजार टन रेड ओकचे जेमतेम १,४३० घनमीटर होतात, तर हजार टन ट्युलिपवुडचे २,२०० च्या आसपास. तुमच्या तुलनेतला एक देश ओकवाला आणि दुसरा ट्युलिपवाला आहे. वजनाने तुलना केलीत तर व्हिएतनाम आहे त्यापेक्षा लहान दिसेल, आणि तेही दरवर्षी वेगळ्या प्रमाणात, कारण जातींचं प्रमाण बदलत राहतं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी पुस्तकांत सहसा सापडत नाही. लाकूड भट्टीत वाळताना आकसतं. माल ओला असताना मोजला की वाळल्यावर, यावर सात-आठ टक्क्यांचा फरक पडतो आणि दोन्ही पद्धती व्यवहारात आहेत. गिऱ्हाइकाशी ठरलेल्या पद्धतीनुसार तोच माल कागदावर थोडा जास्त किंवा थोडा कमी दिसतो. हा फरक दुरुस्त करायला तुमच्याकडे साधन नाही, तेव्हा तो करू नका. फक्त दोन देशांत पाच टक्क्यांचा फरक दिसला म्हणून त्यावर परिच्छेद लिहू नका.

आता कोड, म्हणजे सीमाशुल्काच्या नोंदीत प्रत्येक मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय (एचएस) क्रमांक. सहा मिलिमीटरपेक्षा जाड चिराण लाकूड ४४०७ मध्ये येतं. ओंडके ४४०३ मध्ये, व्हिनियर (लाकडाचे पातळ काप) ४४०८ मध्ये, आणि कडेला खाच-जीभ किंवा नक्षीची पट्टी काढलेला माल ४४०९ मध्ये. ४४०७ च्या पोटात पाइन, फर यांसारखं सॉफ्टवुडही असतं. म्हणून नुसता चार आकडी कोड ओढला तर अमेरिकेचं पाइन तुमच्या हार्डवुडमध्ये घुसतं. सहा आकड्यांपर्यंत जा: उष्णकटिबंधी जाती ४४०७.२१ ते ४४०७.२९, ओक ४४०७.९१, बीच .९२, मेपल .९३, चेरी .९४, अॅश .९५. बर्च आणि पॉप्लर-अॅस्पेन यांना २०१७ च्या फेररचनेत अनुक्रमे .९६ आणि .९७ मिळाले. त्याआधी ते .९९ या 'इतर'मध्ये होते. तुमची मालिका २००० पासूनची आहे, म्हणजे २०१७ ला 'इतर' अचानक रोडावल्यासारखं दिसेल. शिवाय अमेरिकेत ट्युलिपवुडला सर्रास पॉप्लर म्हणतात, पण वनस्पतिशास्त्राने ते खऱ्या पॉप्लरच्या कुळातलं नाही. नियमाने ते 'इतर'मध्ये जायला हवं. व्हिएतनामची मुख्य जातच ही असल्यामुळे .९७ आणि .९९ नेहमी एकत्र मिळवूनच बघा.

ओंडक्यांचा कोड शेजारी का ठेवायचा, हे आपल्याकडच्या एका गोष्टीवरून पटेल. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. तोवर भारतात येणारं बर्मा टीक मोठ्या प्रमाणात ओंडक्यांच्या रूपात यायचं आणि इथल्या गिरण्यांत चिरलं जायचं. बंदीनंतर ४४०३ चा प्रवाह आटला आणि तिथून येऊ शकणारा माल चिराणाच्या, चौकोनी कापलेल्या रूपातच उरला. फक्त ४४०७ पाहणारा माणूस म्हणेल की म्यानमारचा व्यापार वाढला. ज्याच्या वखारीत माल येत होता त्याला माहीत होतं की एकूण लाकूड कमी झालंय आणि इक्वाडोर, घाना, कोस्टारिकाच्या लागवडीतलं सागवान त्याची जागा भरतंय. चीनसुद्धा अमेरिकेचे ओंडके मोठ्या प्रमाणावर घेत आलेला आहे. चिराणाची रेघ ओंडक्यांच्या रेघेशिवाय अर्धीच गोष्ट सांगते.

आकडे कोणाचे घ्यायचे? अमेरिकेची निर्यात आणि चीनची आयात हे दोन आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत, आणि यात कोणी लबाडी केलेली असते असं नाही. अमेरिका आपल्या बंदरापर्यंतची किंमत धरते. चीनच्या आकड्यात भाडं आणि विमा मिसळलेला असतो. जहाजाला महिना-दीड महिना लागतो, म्हणून डिसेंबरचा माल पुढच्या वर्षात पडतो. काही माल हाँगकाँगच्या नावाने निघतो. तुम्ही दोन खरेदीदारांची तुलना करताय, तेव्हा विक्रेत्याचीच वही घ्या. दोन्ही देशांची मोजणी एकाच हाताने, एकाच नियमाने झालेली असते. खरेदीदारांच्या वह्या फक्त पडताळ्यासाठी ठेवा. जाता जाता, कॅनडा तुलनेत घ्यायचा झाला तर हा नियम पुरा पडत नाही, कारण अमेरिका कॅनडाकडे जाणाऱ्या मालाचे आकडे कॅनडाच्या आयात नोंदींवरूनच घेते.

महिन्यांचे आकडे वापरणार असाल तर चिनी नववर्ष आणि व्हिएतनामचं तेत हे नववर्ष लक्षात ठेवा. दोन्ही चांद्र पंचांगाने येतात, कधी जानेवारीत, कधी फेब्रुवारीत. कारखाने बंद पडतात आणि खरेदी मागेपुढे होते. यंदाच्या फेब्रुवारीची गेल्या फेब्रुवारीशी तुलना करणं व्यर्थ आहे. मागच्या बारा महिन्यांची सरकती बेरीज घ्या, रेघ आपोआप शांत होते.

इथवर मोजमाप झालं. आता रेघा अशा का वळल्या ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय वाटा कोणी उचलला हे ठरवता येत नाही.

चीनची चढण १९९८ पासून वाचायला हवी. त्या वर्षी यांगत्से नदीला प्रचंड पूर आले आणि सरकारने नैसर्गिक जंगलांतल्या तोडीवर निर्बंध आणले. ते वाढत वाढत २०१७ ला नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड देशभर थांबली. म्हणजे घरचं लाकूड कमी, आणि त्याच काळात फर्निचर उद्योग फुगत चाललेला. २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. अमेरिकेतले फर्निचर कारखाने बंद पडू लागले आणि तिथल्या गिरण्यांचं लाकूड तेच फर्निचर बनवायला दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात जाऊ लागलं. २००८ च्या घरबांधणीच्या मंदीने हे आणखी पक्कं केलं. २००५ मध्ये अमेरिकेत वीस लाखांहून जास्त घरांची बांधकामं सुरू झाली होती, २००९ मध्ये साडेपाच लाखांच्या आसपास. देशातली मागणी बसल्यावर गिरण्यांना तगून राहायला चीनच उरला.

व्हिएतनामची रेघ याच गोष्टीची फांदी आहे. अमेरिकेशी झालेला व्यापार करार २००१ च्या डिसेंबरात लागू झाला आणि २००७ च्या जानेवारीत देश जागतिक व्यापार संघटनेत आला. मध्ये २००५ च्या सुरुवातीला अमेरिकेने चीनमधल्या लाकडी बेडरूम फर्निचरवर अँटी-डंपिंग शुल्क (फार स्वस्तात विकल्या जाणाऱ्या परदेशी मालावरचं जादा शुल्क) लावलं. ज्या तैवानी कंपन्यांनी आधी चीनमधल्या डोंगग्वानमध्ये कारखाने टाकले होते, त्यांतल्या बऱ्याच जणांनी हो ची मिन्ह शहराशेजारच्या बिन्ह डुओंग आणि डोंग नाई भागात नवे कारखाने उभे केले. म्हणजे कामं चीनमधून व्हिएतनामला सरकणं हे २०१८ च्या बरंच आधी सुरू झालं होतं. तुमच्या आलेखात २००५ ला उभी रेघ नसेल, तर व्हिएतनामच्या सगळ्या वाढीचं श्रेय नंतरच्या शुल्काला जातं. ते चूक आहे.

मग २०१८. सप्टेंबरात अमेरिकेने चिनी फर्निचरसह मोठ्या यादीवर १० टक्के शुल्क लावलं, पुढच्या मे महिन्यात ते २५ टक्के झालं. चीनने त्याच सप्टेंबरपासून अमेरिकी हार्डवुडवर शुल्क बसवलं आणि १ जून २०१९ पासून वाढवलं, काही प्रकारांवर २५ टक्क्यांपर्यंत. जानेवारी २०२० च्या अमेरिका-चीन करारानंतर चिनी आयातदारांना सवलतीसाठी अर्ज करता येऊ लागले, आणि लगेच कोविडची साथ आली.

या काळात फर्निचरच्या ऑर्डरी खरोखरच व्हिएतनामला गेल्या. पण ऑर्डर सरकली म्हणजे लाकूडही तेच सरकलं असं होत नाही. व्हिएतनामच्या कारखान्यात स्वतःच्या लागवडीतलं बाभूळवर्गीय अकेशिया आहे, रबरवुड आहे, आफ्रिकेतून येणारे ओंडके आहेत, प्लायवुड आणि एमडीएफ आहे. डोंगग्वानला रेड ओकमध्ये बनणारं कपाट बिन्ह डुओंगला गेल्यावर बहुधा वेगळ्याच लाकडात बनतं, वर हवा तसा रंग. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची: २०१० नंतर चीनमध्ये गेलेल्या अमेरिकी ओकपैकी बराच माल परत निर्यात होत नव्हता. तो तिथल्याच घरांत दारं, फरशी आणि फर्निचर होऊन बसत होता. त्या गिऱ्हाइकाला शुल्कामुळे अमेरिकी ओक महाग पडलं, तसा तो युरोपच्या ओककडे आणि बीचकडे, रशियाच्या लाकडाकडे, थायलंडच्या रबरवुडकडे वळला. ही मागणी व्हिएतनामला जाण्याचा प्रश्नच नव्हता, ती चीनमध्येच राहिली, फक्त लाकूड बदललं. अमेरिकेत मागे उरलेल्या मालापैकी जो कमी प्रतीचा होता तो पॅलेट आणि रेल्वेच्या स्लीपरांकडे वळला. बाकी गिरण्यांनी उत्पादन कापलं. अ‍ॅपलेशियाच्या पूर्व अमेरिकेतल्या डोंगराळ गावांत गिरणी हाच एक रोजगार असतो. तिथे हा आकडा लोकांच्या पगारातून वजा झाला, हे आलेख वाचताना विसरू नये.

म्हणून तुमच्या दोन रेघांशेजारी आणखी दोन रेघा हव्यात. अमेरिकेने चीनकडून आणि व्हिएतनामकडून घेतलेलं लाकडी फर्निचर, कोड ९४०३ मधले लाकडाचे उपकोड. व्हिएतनामचं फर्निचर किती वाढलं आणि त्याच्या तुलनेत अमेरिकी चिराण किती वाढलं, हे शेजारी ठेवलं की 'वाटा उचलला' यातलं खरं किती ते दिसतं. दुसरी पडताळणी जातीनिहाय करा. चीनची घट मुख्यतः रेड ओकमध्ये आहे. व्हिएतनामने खरंच तो वाटा घेतला असता, तर तिथे रेड ओक त्याच प्रमाणात वर गेलेलं दिसायला हवं. ट्युलिपवुड वाढलेलं दिसलं, तर ती वेगळ्या गिऱ्हाइकाची वेगळी मागणी आहे.

मांडणीबद्दल दोन गोष्टी. टक्केवारीतली वाढ एकटी कधीच दाखवू नका. समजा एक देश १० वरून १५ वर गेला आणि दुसरा १०० वरून १२०. पहिला ५० टक्क्यांनी वाढला, दुसरा २० टक्क्यांनी, पण जहाजांत जास्तीचा माल चढला तो दुसऱ्यासाठी, चौपट. प्रत्यक्ष घनमीटर एका पट्टीवर दाखवा. वाढीचा वेग दाखवायचा असेल तर त्याखाली लॉग मापावर (जिथे सारख्या टक्क्यांची वाढ सारख्याच उंचीची दिसते) तीच मालिका वेगळी काढा. दोन बाजूंना दोन वेगळ्या पट्ट्या लावून रेघा एकमेकींना छेदताना दाखवू नका. तो छेद तुम्ही पट्टी कशी ताणता त्यावर ठरतो. आणि निर्देशांक (एका वर्षाला १०० धरून बाकीची मोजणं) काढताना २०१७ आधारवर्ष धरू नका. ते चीनच्या उच्चांकाचं वर्ष आहे, तिथून मोजलं की पुढची घट सगळ्यात भयानक दिसते. २०१४ ते २०१६ ची सरासरी घ्या.

२०२५ चे आकडे जोडणार असाल तर विशेष सांभाळा. ४ मार्च २०२५ ला चीनने कीड सापडल्याचं कारण देऊन अमेरिकी ओंडक्यांची आयात थांबवली आणि ती नोव्हेंबरात पुन्हा सुरू केली. एप्रिल-मे मध्ये दोन्ही बाजूंचं शुल्क काही आठवडे शंभर टक्क्यांच्या वर जाऊन परत खाली आलं. व्हिएतनामवर अमेरिकेने एप्रिलमध्ये ४६ टक्के जाहीर केले, ऑगस्टपासून २० टक्के लागू केले. १४ ऑक्टोबरपासून गादीदार फर्निचर आणि किचन कॅबिनेटवर अमेरिकेचं वेगळं शुल्क आलं. या वर्षाचा एकच वार्षिक ठिपका देऊ नका. महिन्यांची मालिका द्या, ४४०३ आणि ४४०७ वेगवेगळे, आणि या तारखा आलेखावरच लिहा.